तिकीट एक झालं, वेळेचं काय?

दोन महिने झाले वापरतोय. घराजवळून स्टेशनपर्यंत बोलावली की येणारी शेअर व्हॅन आणि पुढे मेट्रो, सगळं एकाच ॲपमधे. आधी चांगलं सांगतो, तिकीट खरंच एकच आहे, व्हॅनमधला क्यूआर मेट्रोच्या गेटवरही चालतो आणि जिकडे बस वळतच नाही तिकडे रात्री साडेदहाला पण व्हॅन येते. आई आता एकटी जाते-येते. (फक्त व्हॅन दारात येत नाही, ॲप सांगेल त्या कोपऱ्यापर्यंत चालायचं, हे आईच्या गळी उतरवायला आठवडा गेला.)

पण वेळेचा आनंदीआनंद आहे. परवा 10:40 ची शेवटून दुसरी गाडी धरायची होती, व्हॅन वेळेत आली, मी बसलो आणि मग ती अजून दोघांना घ्यायला उलटीकडे वळली, स्टेशनला पोचलो 10:42 ला. ॲपच्या लेखी ट्रिप एकदम मस्त, कारण त्यांनी जी वेळ दाखवली होती तिच्या आतच सोडलं ना! पुढची मेट्रो कधी सुटते याच्याशी त्याला काही घेणंदेणंच नाही. सकाळी चार मिनिटांनी गाडी असते तेव्हा चालून जातं, पण रात्री ह्या दोन मिनिटांची वीस मिनिटं होतात. अरे बाबा, उलटं बुक करायची सोय द्या की, 'अमुक गाडीला पोचव' असं.

कोणी म्हणेल मग व्हॅनी वाढवा. वाढवून किती वाढवणार, बसमधे चाळीस माणसं वाढली तरी ड्रायव्हर तोच, इथे दर सहा-सात माणसांमागे नवी गाडी नवा ड्रायव्हर. कॅनडातल्या इनिसफिल गावाने 2017 मधे बस सुरू करण्याऐवजी उबरच्या ट्रिपांना अनुदान दिलं, लोकांना इतकं आवडलं की 2019 मधे भाडं वाढवून माणशी महिन्याला 30 ट्रिपांची मर्यादा घालावी लागली. हेलसिंकीची कुत्सुप्लुस मिनीबस पण अशीच, 2012 ला आली, लोक खूश होते, तरी खर्च झेपेना म्हणून 2015 संपता संपता बंद. त्यामुळे मोठ्या रस्त्यावरची बस काढून तिथे व्हॅन घालायचं कोणी बोललं की मला धडकीच भरते, व्हॅन गल्लीबोळातच बरी.

पाचपैकी तीन स्टार. सध्या मी एक गाडी आधीची धरून बुकिंग करतो आणि प्लॅटफॉर्मवर बसून असले रिव्ह्यू लिहितो.