यूग्लिश: शब्द वाक्यात कसा बोलतात ते ऐकायला

इंग्रजी वाचते, मेलही बरे लिहिते, पण मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की वाक्य घशाशी अडतं. त्यामुळे उच्चारासाठी बरंच काही वापरून पाहिलं. त्यातलं टिकलं ते यूग्लिश.

वेबसाइटवर शब्द किंवा अख्खा वाक्प्रयोग टाकायचा. तो ज्या यूट्यूब व्हिडिओंमध्ये कुणी बोललेलं असेल, ते व्हिडिओ नेमके त्या वाक्यापाशी सुरू होतात. वाक्य खाली लिहून येतं आणि आपला शब्द त्यात ठळक दिसतो. थोडं मागे जायला बटण आहे, वेग कमी करता येतो, अमेरिकन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन असे उच्चार वेगवेगळे निवडता येतात.

शब्दकोशातल्या ऑडिओपेक्षा हे मला जास्त का आवडलं? शब्दकोश एकटा शब्द स्वच्छ म्हणून दाखवतो. बोलताना तो तसा राहत नाही. ‘कॅन’ घ्या. ‘आय कॅन डू इट’ म्हणताना त्यातला स्वर जवळजवळ गिळला जातो, ‘क्न’ एवढंच उरतं. ‘कान्ट’ मात्र पूर्ण जोर देऊन येतो. अमेरिकन बोलण्यात शेवटचा ‘ट’ अनेकदा ऐकूच येत नाही, मग होकार की नकार हे त्या जोरावरूनच ओळखायचं. हे नियम म्हणून मी वाचलं होतं, पण एकामागून एक वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलं तेव्हा कानात बसलं. ‘शुड हॅव’चं ‘शुडव’ होतं, तेही तसंच.

आघाताचंही तेच. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये ‘टॉ’वर, ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रॅ’वर. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्याच वजनाने म्हणतो, म्हणून ही सवय मुद्दाम लावावी लागते. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर आधी, क्रियापद असेल तर नंतर. नुसता शब्द शोधला तर दोन्ही मिसळून येतात, म्हणून मी ‘अ रेकॉर्ड’ आणि ‘टू रेकॉर्ड’ असे वेगळे शोधते.

माझी पद्धत अशी: क्लिप ऐकायची, थांबवायची, वाक्य त्याच चालीत मोठ्याने म्हणायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं आणि दोन्ही लागोपाठ ऐकायचे. एका वेळी एकच वाक्प्रयोग, पण निरनिराळ्या आवाजांत. ‘वुड यू माइंड’सारखे कामाचे तुकडे असे तयार असले की बोलताना जुळवाजुळव करावी लागत नाही. हा रेकॉर्डिंगचा भाग कृपा करून गाळू नका. नुसतं ऐकून कान तयार होतो, जीभ नाही, आणि तुमचा उच्चार जमला की नाही हे काही यूग्लिश सांगत नाही.

आणखी एक मर्यादा आहे. क्लिपा बऱ्याचशा भाषणं, व्याख्यानं आणि मुलाखतींतल्या असतात. समोरच्याने मधेच तोडलं तर काय म्हणायचं, हे इथे फारसं सापडत नाही. त्यासाठी माणूसच हवा. मी एका मैत्रिणीशी ठरवून इंग्रजीतच फोनवर बोलते.

अगदी नवशिक्यांना मी हे लगेच सुचवणार नाही, कारण इथला बोलण्याचा वेग खरा आहे आणि विषय सारखा बदलतो. त्यांनी आधी बीबीसीचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ ऐकावं. तिथे निवेदक एकाच विषयावर बोलतात, अवघड शब्द समजावतात, शेवटी त्यांची उजळणी घेतात आणि वाचायला मजकूरही देतात.