परभणीत कॉम्प्युटर तापून मंद होत असेल तर या दुकानात न्या

स्टेशन रोडवरून आत वळणाऱ्या एका बोळीत, झेरॉक्सच्या वरच्या माडीवर हे दुकान आहे. पाटीवरचं नाव उन्हानं उडालंय, ‘कॉम्प्युटर प्रिंटर दुरुस्ती’ एवढंच वाचता येतं. मी तिथे एप्रिलमध्ये गेले, ऐन लग्नसराईत, तेव्हा अगदी रडकुंडीला आले होते.

मी घरी लग्नपत्रिका आणि बॅनर डिझाइन करते. मशीन २०१७ सालचं, असेंबल केलेलं. आय-फाइव्ह ७४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, विंडोज १०. मार्चपासून दुपार झाली की कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक अक्षर सरकवलं तरी ते जागेवर जायला दहा-दहा सेकंद लागायचे. प्रेसवाल्याचा फोन चालू आणि माझी पीडीएफ काही निघत नाही. चालू प्रोग्राम दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, रकान्यावर क्लिक केलं की जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो, हे मला माहीत होतं. पण रोज वेगळाच वर यायचा. आज कोरल, उद्या क्रोम, परवा विंडोजचं सर्च. मी एकेक बंद करत गेले, ब्राउझरची एक्स्टेंशन्स काढली. पहाटे बसले की सगळं सुरळीत, दुपारी पुन्हा तेच.

हा पहाटे-दुपारचा फरक मी आधीच्या दुकानातही सांगितला होता. तिथे कुणी ऐकलं नाही. दोन दिवस ठेवून घेतलं, फॉरमॅट मारला, सहाशे रुपये घेतले. वर दोन अँटिव्हायरस टाकून दिले, ते दोघं प्रत्येक फाइल आपापली तपासत बसायचे. माझे मराठी फॉन्ट गेले, ते परत टाकण्यात एक दिवस मोडला. आणि दुपारी मशीन पुन्हा तसंच. फोन केला तर म्हणाले, मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या. याचा राग मला अजून आहे, कारण कॅबिनेट कुणी उघडूनही पाहिलं नव्हतं.

या माडीवरच्या दुकानदारांनी पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, चालू केल्या केल्या व्हायलंय का थोड्या वेळानं?” मी सांगितलं. मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि माझी सगळ्यात जड फाइल मलाच उघडायला लावली. विंडोजमधलाच रिसोर्स मॉनिटर लावला. तिथे सीपीयूसाठी दोन आकडे दिसतात, एक वापराचा आणि एक कमाल वेगाच्या टक्क्यांचा. वापर शंभराला टेकलेला, आणि वेग हळूहळू उतरत चाळीसच्या आसपास आलेला. शेजारी कोअर टेम्प हा प्रोसेसरचं तापमान दाखवणारा प्रोग्राम उघडला, तापमान ९८. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोहोचला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, आणि मग तेच नेहमीचं काम त्याला पुरून उरतं.

“ओझं तेवढंच हाय ताई, बैल दमलाय,” ते म्हणाले. इतके दिवस मी ओझंच उतरवत बसले होते, म्हणून रोज वेगळा चोर सापडायचा.

कॅबिनेट माझ्यासमोर उघडलं. पंख्याखालच्या पट्ट्यांत धूळ अशी दाटली होती की बोटानं वात निघावी. पण मुख्य दुखणं वेगळंच होतं. प्रोसेसर थंड ठेवणारा कंपनीचा कूलर चार पिनांवर बसतो, त्यातली एक उचकटली होती. फेब्रुवारीत आम्ही घर बदललं, जिंतूर रोडवरून टेम्पोत सामान आणलं, तेव्हाच ती निघाली असणार. कूलर एका कडेनं अधांतरी, प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नेणारी मधली पेस्ट वाळून पापुद्रा झालेली. उष्णता वर जाणार कशी? थंडीत निभावून गेलं, मार्चपासून उन्हानं खोलीच तापल्यावर जमेना. त्यांनी जुनी पेस्ट अल्कोहोलनं पुसली, तुरीच्या डाळीएवढी नवीन लावली, चारही पिना टक्‌ आवाज येईपर्यंत दाबल्या आणि बोर्डाची मागची बाजू दाखवली की चारी आरपार गेल्यात. दोन्ही अँटिव्हायरस काढून विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू ठेवला. तीच फाइल, तीच खोली, तापमान ७१. वेगाचा आकडा शंभराच्या वर. साडेचारशे रुपये.

मे संपत आला तरी मशीन दुपारी चालतंय. अक्षय तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात मी एकोणीस पत्रिका दिल्या, सगळ्या वेळेवर.

विंडोज १० चं काय, हे मीच विचारलं. त्याचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि विंडोज ११ अधिकृतपणे घ्यायला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, माझा सातव्या पिढीचा. त्यांनी नवीन मशीनचा विषय काढला नाही. बँकेचं काम यावर करू नका, डिझाइनला वापरा, पैसे जमले की बघू, असं म्हणाले. मला हे पटलं.

उणं काय? बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. काम झाल्याचा फोन करत नाहीत, मला दोन चकरा पडल्या. जिना अरुंद आणि उभा, वयस्कर माणसानं कॅबिनेट घेऊन चढू नये. घरी येत नाहीत. वीज गेली की सगळं ठप्प, आम्ही पाऊण तास बाहेर पायरीवर बसून होतो.

सकाळी अकराच्या आधी जा, नंतर गर्दी होते. मॉनिटर नेऊ नका, फक्त कॅबिनेट पुरे. ने-आण करताना ते आडवं ठेवा, म्हणजे कूलरचं वजन पिनांवर लटकत नाही. आणि कोणती फाइल उघडल्यावर मशीन अडतं ते आठवून जा, ते तीच उघडायला सांगतील.