नागपूरहून ट्रॅक-डे: दिल्लीकडे की चेन्नईकडे, चालवत की ट्रकवर?

झिरो माइलच्या दगडाचं कौतुक आपल्याला शाळेपासून. पण ट्रॅक-डेचं, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर दिवसभर आपलीच गाडी पळवण्याचं, वेड लागलं की देशाच्या मधोमध राहण्याचा खरा अर्थ कळतो: सगळंच सारखं लांब. दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट हजार किलोमीटरच्या थोडं पुढे, चेन्नईजवळचं मद्रास सर्किट साधारण अकराशे, कोइमतूरचं करी स्पीडवे चौदाशेच्या घरात. त्यामुळे अंतर बघून निवड होत नाही आणि माणूस नावावर जातो. जिथे एफ-वन (फॉर्म्युला वन शर्यत) झाली तिथे आपणही जाऊ, असं.

मी आधी दुसरंच विचारतो. त्या ट्रॅकवर दिवसभर फिरल्यावर गाडीत काय उरेल, आणि जे उरेल त्यात घरी येता येईल का? पुण्या-बंगळुरूच्या माणसाला हा प्रश्न इतका छळत नाही. आपल्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा हजार किलोमीटर मारायचे असतात.

आधी बुद्ध. ५.१२५ किलोमीटर, सोळा वळणं, आराखडा एफ-वनचे अनेक ट्रॅक आखणाऱ्या हर्मन टिल्केचा. २०११ ते २०१३ अशा तीन एफ-वन शर्यती झाल्या आणि तिन्ही जर्मन ड्रायव्हर सेबास्टियन व्हेटेलने मारल्या. ट्रॅक रुंद आहे, चढउतार भरपूर आहेत, चूक झाली तर बाहेर जायला जागा आहे. नवख्याला ही जागा फार मोलाची. पण तिसऱ्या वळणातून निघालात की समोर किलोमीटरभराची सरळ पट्टी येते आणि तिच्या टोकाला चौथ्या वळणासाठी जोरात ब्रेक. शंभर-सव्वाशे हॉर्सपॉवरच्या हॅचबॅकला ती पट्टी संपता संपत नाही; तुम्ही एक्सलेटर तळाला चिकटवून आरशात मागच्यांना वाट देत बसता. तीनशे हॉर्सपॉवरच्या पुढची दोन सीटांची गाडी असेल तर ती तिथे अशा वेगाला पोचते की ब्रेक प्रत्येक लॅपला भट्टीतून निघतात.

माझ्या मित्राची तशीच दोन सीटांची, कापडी टपाची गाडी. तिसऱ्या सेशनला चौथ्या वळणावर पेडल मऊ पडलं. पाय तळाशी आणि गाडी आपली चालूच. तो सरळ बाहेरच्या मोकळ्या जागेत गेला, हळूहळू थांबला, काही झालं नाही. पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागच्या गाड्यांच्या तळावर, आला तो जळक्या ब्रेक-पॅडचा वास घेऊनच, आणि वर सवयीने हँडब्रेक ओढून मोकळा. तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून ठेवायचे नसतात. गाडी गिअरमध्ये टाकून चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावायचा. दोष गाडीचा नव्हता. ब्रेक ऑइल दोन वर्षांचं होतं. ताजं डॉट-४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल पित राहतं, आणि ओल प्यायलेल्या डॉट-४ ची हमी १५५ अंशांवर येते. उकळलं की नळीत बुडबुडे, आणि बुडबुडा दाबला जातो, ब्रेक लागत नाही.

संध्याकाळी हॉटेलच्या पार्किंगमध्ये मोबाइलच्या उजेडात मी पेडलवर, तो चाकापाशी उकिडवा. ‘दाब. धर. सोड.’ पारदर्शक नळीतून बाटलीत उतरणारं ऑइल कडक चहाच्या रंगाचं होतं, मध्येच बुडबुड्यांची माळ. चारही चाकं होईस्तोवर रात्रीचे अकरा. आणि सकाळी यमुना एक्स्प्रेसवेवरून आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, सागर, सिवनी. शेवटी पेंचच्या जंगलात महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी जे नऊ पूल आणि भुयारी मार्ग बांधलेत, त्यावरून येताना कुणी बोलत नव्हतं. दर टोलनाक्याला तो ब्रेक दोनदा दाबून बघत होता.

मद्रास सर्किट वेगळ्या स्वभावाचं. इरुंगट्टुकोट्टईला, चेन्नई-बंगळुरू महामार्गालगत, १९९० पासूनचं. लांबी ३.७ किलोमीटर, बारा वळणं. बुद्धच्या मानाने जुनं, अरुंद, आणि बाहेर जायला जागा कमी, म्हणून इथली चूक महाग पडते. पण छोट्या गाडीला हाच ट्रॅक मानवतो. मुख्य सरळ पट्टी संपताना सी-१ हे वेगवान उजवं वळण येतं. तिथे एक्सलेटरवरून पाय उचलायचा की नाही, एवढ्या एका प्रश्नावर अख्खा दिवस जातो. माझी हॅचबॅक म्हणजे पोलो एक लिटर टर्बो, ११० हॉर्सपॉवरची. बुद्धवर ती केविलवाणी वाटते, इथे मोठ्या गाड्यांच्या मागे वळणावळणाला चिकटून राहते. ब्रेक कमी तापतात, टायर मात्र खांद्यापाशी झिजतात. थंड टायरमध्ये ३० पीएसआय भरलेत तर दोन-चार लॅपमध्ये सहा-सात वाढतात. तेव्हा पिटमध्ये येऊन हवा काढा, आणि निघण्याआधी परत भरायला विसरू नका. मी एकदा विसरलो आणि नेल्लोरपर्यंत स्टिअरिंग जड का लागतंय याचा विचार करत बसलो.

करी स्पीडवेबद्दल थोडक्यात. दोन किलोमीटरच्या आसपासचा आटोपशीर ट्रॅक, नाव रेसिंग गाड्या बनवणाऱ्या करिवर्धन यांचं, शिकायला उत्तम. पण आपल्याकडून जाऊन-येऊन अठ्ठावीसशे किलोमीटर. बंगळुरूला कुणी नातेवाईक असेल आणि आठवडाभर रजा असेल तर जा.

मोसम कुणी बघत नाही, तो बघा. चेन्नईला ऑक्टोबर ते डिसेंबर परतीचा पाऊस. यमुना एक्स्प्रेसवेवर डिसेंबरच्या मध्यापासून धुकं, आणि धुक्याच्या दिवसांत वेगमर्यादा शंभरवरून ७५. ग्रेटर नोएडा दिल्लीभोवतालच्या एनसीआर पट्ट्यात येतं, म्हणून हिवाळ्यात प्रदूषण वाढलं की बीएस-३ या जुन्या प्रदूषण-निकषाच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी लागू शकते. पंधरा वर्षांपेक्षा जुनी हौसेची गाडी असेल तर तिथले नियम निघण्याआधी तपासा. माझं गणित: चेन्नई जानेवारी-फेब्रुवारीत, बुद्ध फेब्रुवारीच्या शेवटी ते मार्चच्या मध्यात. एप्रिलनंतर इथून निघायचा विचारच नको, आदिलाबादपर्यंतच टायर शिजतील.

आता चालवत की ट्रकवर? मी पहिल्यांदा ट्रकचा विषय काढला तेव्हा मित्र म्हणाला होता, ‘ट्रकवर टाकून न्यायची तं मंग घेतली कशाले?’ मुद्दा बिनतोड आहे. हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल ही पहाटेची पट्टी छोट्या गाडीत मारणं हा अर्धा आनंद आहे. खर्चही चालवण्यात कमी: चेन्नईला जाऊन-येऊन बावीसशे किलोमीटर, लिटरला बाराचा ॲव्हरेज धरला तर १८० लिटरच्या आसपास पेट्रोल, म्हणजे वीस हजारांच्या आतबाहेर. ट्रॅकवरचं वेगळं धरा, तिथे चार-पाचचाच ॲव्हरेज पडतो.

पण दोन गोष्टी ट्रकच्या बाजूने आहेत. पहिली विम्याची. आपल्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो, त्यामुळे ट्रॅकवर ठोकली तर खर्च खिशातून धरून चाला, आणि ठोकलेली गाडी घरी आणायला ट्रक लागणारच. तो तिथे ऐनवेळी शोधण्यापेक्षा आधी ठरवलेला बरा. दुसरी स्टेपनीची. पोलोत स्टेपनी आहे, डिकीत जॅक, टॉर्क रेंच, हेल्मेट, ऑइल मावतं. दोन सीटांच्या बऱ्याच गाड्यांत आणि मिनीसारख्यांतही स्टेपनीच नसते. त्यांचा रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी चालणारा, टायर पंक्चर झाल्यावर ताशी ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जातो, पुढे तुमचं नशीब. निर्मलला लाकडी खेळणी सुंदर मिळतात, सतरा इंची रनफ्लॅट मिळेल अशी आशा धरू नका. शिवाय खाली बसलेल्या गाडीचं नाक गावातल्या गतिरोधकांवर आपटतं ते वेगळंच.

तेव्हा हॅचबॅक असेल तर चेन्नई, चालवत, दोघं ड्रायव्हर, मध्ये हैदराबादला मुक्काम. जाण्याआधी ब्रेक ऑइल बदला, आणि ट्रॅक झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, चाकांचे नट रेंचने तपासूनच हायवेला लागा. दोन सीटांची ताकदवान गाडी असेल आणि बुद्धच करायचं असेल तर ट्रक. ट्रकवर चढवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, प्रवासाचा विमा वेगळा घ्या, आणि पट्टे चाकांवरून बांधायला सांगा, सस्पेन्शनच्या दांड्यांना नाही.

मित्राने यंदा शेवटी तेच केलं. गाडी दोन दिवस आधी ट्रकवर चढवली आणि स्वतः तमिळनाडू एक्स्प्रेसने निघाला. आपल्या स्टेशनवरून ही गाडी एकीकडे दिल्लीला जाते आणि दुसरीकडे चेन्नईला, तेवढा एक फायदा मधोमध राहण्याचा. आराम करत जातो म्हणाला होता. रात्री अडीचला मला त्याचा फोन: ट्रकवाला झाशीपाशी जेवायला थांबलाय तो अजून निघाला नाही, काय करू?