एमई-एमटेकचं शेवटचं वर्ष: कॉलेजची लॅब की वेर्ण्याचा प्लांट?

कंपनांवरून बेअरिंगचा दोष ओळखणं असा विषय प्रबंधाला घेतला, की काम कॉलेजच्या लॅबमध्ये करायचं की वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात, हा प्रश्न गोव्यात हमखास येतो.

लॅबची सोय नाकारता येत नाही. रिग (चाचणीची मांडणी) हाताशी, डेटा आपला, सबमिशन वेळेवर. पण दोषही आपणच केलेला! ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर स्पार्क इरोजननं (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरून) खाच पाडायची, मोटर १४५० आरपीएमवर फिरवायची, की स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कंपनांच्या फ्रिक्वेन्सींच्या आलेखात, ८७ हर्ट्झच्या आसपास सुळका येतो. येणारच, खाच कुठे आहे ते आधीच ठाऊक असतं. लॅबवरून माझं मन उडालं ते इथेच. प्लांटमध्ये तीच मोटर व्हीएफडीवर, म्हणजे वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर, चालते. ड्राइव्ह ४० हर्ट्झवर आला की वेग ११६० च्या घरात उतरतो आणि सुळका ६९ हर्ट्झला सरकतो. त्यात शेजारच्या पंपाची कंपनं बेसफ्रेममधून येऊन मिसळतात. एकाच वेगावर शिकवलेलं मॉडेल इथे गोंधळतं. वेगही सोबत नोंदवून ऑर्डर ट्रॅकिंग (फ्रिक्वेन्सी फिरण्याच्या वेगाच्या पटीत मोजणं) का करायचं, हे रिगवर सहसा उमगत नाही.

प्लांटची कटकटही कमी नाही. स्काडात, म्हणजे प्लांटच्या देखरेख-नियंत्रण यंत्रणेत, बहुधा मिनिटाला एखादाच आकडा साठतो, तो आपल्या कामाचा नाही. स्वतःचा सेन्सर लावून सेकंदाला २५,६०० नमुने घ्यावेत. चुंबकावर बसवणार असाल तर हाउसिंगचा रंग आधी खरवडा, नाहीतर वरच्या फ्रिक्वेन्सी हाती लागत नाहीत. फार्मा कंपनीत सॉल्व्हंटच्या भागात आगीच्या धोक्यामुळे साधा सेन्सर किंवा लॅपटॉप नेता येत नाही, म्हणून युटिलिटीतले (पाणी, वाफ, हवा पुरवणाऱ्या विभागातले) थंड पाण्याचे, म्हणजे चिल्ड वॉटर पंप मागावेत. मेंटेनन्स रजिस्टरमध्ये ‘बेअरिंग बदललं’ एवढंच लिहिलेलं असतं आणि जुनं बेअरिंग भंगारात गेलेलं. फिटरला सांगून ते टॅग लावून ठेवायला लावा. कापून पाहिल्याशिवाय दोष आतल्या रिंगचा की बाहेरच्या, हे ठरत नाही आणि डेटाला लेबल लागत नाही.

कोणते आकडे प्रबंधात छापायचे, याची परवानगी कंपनीकडून सिनॉप्सिसआधी लेखी घ्या.

वर्षभरात पेपर हवाच असेल, तर लॅब बरी म्हणावी लागेल. पुढे कारखान्यात उभं राहायचं असेल, तर मी प्लांटकडेच बोट दाखवीन. फक्त सेन्सर तिसऱ्या सत्राच्या पहिल्या महिन्यातच लावा. बेअरिंग काही सबमिशनची तारीख पाहून बिघडत नाही.