ऑटिझमसाठी कॉलेजच्या मुलांनी केलेला गाण्यांचा कार्यक्रम, पाचपैकी चार स्टार

आमच्या मुलाला ऑटिझम आहे, वय अकरा, आणि त्याला घेऊन आम्ही एखादा कार्यक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला असं पहिल्यांदाच झालं, म्हणून जरा सविस्तरच लिहितेय. पुण्यात कोथरूडला एका शाळेच्या सभागृहात एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलामुलींनी हा कार्यक्रम ठेवला होता, तिकिटांचे पैसे जाणार होते ज्या घरांना थेरपी परवडत नाही तिथल्या मुलांच्या थेरपीसाठी. २ एप्रिलला जागतिक ऑटिझम जागरूकता दिन असतो, २००८ पासून पाळतात, त्यामुळे एप्रिल आला की निळे लाइट, निळे टी-शर्ट, रॅली, भाषणं सगळं सुरू होतं आणि ज्या मुलांच्या नावाने हे चालतं त्यांनाच तिथे पाच मिनिटं बसवत नाही एवढा गोंगाट असतो. इथे बसवलं, हे सगळ्यात मोठं.

तिकीट ३०० रुपये, ऑटिझम असलेल्या मुलाला आणि त्याच्यासोबतच्या एका माणसाला फ्री. बुकिंगच्या गुगल फॉर्ममध्येच विचारलं होतं की आवाजाचा त्रास होतो का, कडेची खुर्ची हवी का, कशाने घाबरतो, बोलतो की बोलण्याऐवजी चित्राचं कार्ड दाखवतो. मग आधीच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली, त्यात गेटचा फोटो, चपला कुठे काढायच्या तो रॅक, स्टेज, खुर्च्या, कुठल्या गाण्यानंतर कुठलं गाणं ते चित्रांसकट, कुठल्या गाण्यात ढोलकी जोरात वाजणार, आणि टॉयलेटचा फोटो, खाली लिहिलेलं "इथे हॅन्ड ड्रायर नाही". ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना कळेल मी त्या एका ओळीपाशी का थांबले. मॉलमधल्या त्या ड्रायरच्या आवाजापायी आम्ही किती वेळा अर्ध्यातून घरी आलोय. पीडीएफची प्रिंट काढून फ्रिजवर लावली, लेकाने रोज वाचली, जायच्या दिवशी सगळा क्रम त्याला तोंडपाठ.

हॉलमध्ये लाइट पूर्ण बंद केले नाहीत, मंद ठेवले, दोन्ही बाजूची दारं उघडी, उठून फिरा, बाहेर जा, परत या, कुणी काही म्हणणार नाही. सुरुवातीलाच अनाउन्समेंट झाली की कुणी मध्येच ओरडलं, हात फडफडवले, उड्या मारल्या तरी वळून बघायचं नाही, आणि टाळ्या वाजवायच्या नाहीत, दोन्ही हात वर करून हलवायचे. न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर २०११ पासून ऑटिझम असलेल्या प्रेक्षकांसाठी असे प्रयोग होतात असं मी वाचलं होतं, पण आपल्याकडे ते विशी-एकविशीतल्या मुलांनी शाळेच्या हॉलमध्ये, सोसायटीतून आणलेल्या सतरंज्यांवर करून दाखवलं.

आता गाण्याबद्दल. भूपातली बंदिश, मग दोन अभंग, भावगीतं, इंटरव्हलनंतर जुनी हिंदी. गाणारी सगळी स्टुडंट्सच, त्यामुळे वरच्या पट्टीत एकदोघांचे सूर हलले, पण तयारी केल्याचं कळत होतं आणि साउंडवाल्या मुलाने आवाज शेवटपर्यंत ताब्यात ठेवला, एक शेवटचं गाणं सोडलं तर, ते सांगते पुढे.

दुसरा अभंग एका ऑटिझम असलेल्या मुलाने म्हटला, असेल चौदा-पंधराचा. काळी दोनमध्ये सुरू केला, छान चालला होता, आणि पहिल्या कडव्यानंतर तो सरळ उठून विंगेत निघून गेला. कुणी धावलं नाही, कुणी माइकवर काही बोललं नाही. तबल्यावर एक मुलगी होती, तिने ठेका तसाच चालू ठेवला, लय जराही न वाढवता, पेटीवाला नुसतं ध्रुवपद वाजवत राहिला, आणि सगळा हॉल वाट बघत बसला. तो पाणी पिऊन, नॅपकिनला हात पुसत परत आला, उभ्यानेच दोन आवर्तनं ऐकली आणि बरोबर समेवर दुसरं कडवं धरलं. मग सगळे हात वर! मी त्या तबलजी मुलीला नंतर मुद्दाम जाऊन भेटले, तर ती म्हणाली काकू, रिहर्सलला तो चारदा उठायचा, आम्हाला सवय झालीय. त्यांनी त्याला बसून राहायला शिकवण्याऐवजी स्वतः थांबायची प्रॅक्टिस केली होती, मला हे फार म्हणजे फारच आवडलं.

मागच्या एका वर्गात शांत खोली केली होती, पडदे ओढलेले, ट्यूबलाइट बंद, गाद्या, उशा, दोन-तीन हेडफोन. आमचा लेक इंटरव्हलच्या गर्दीला वैतागून तिथे गेला आणि बाकाखाली शिरला. तिथला व्हॉलंटिअर मुलगा मला म्हणाला, "काकू तुम्ही चहा घेऊन या, मी आहे", आणि त्याच्यापासून थोडं लांब जमिनीवर बसून राहिला, एक शब्द न बोलता, बाहेर ये म्हणाला नाही, चॉकलेट दाखवलं नाही. वीसेक मिनिटांनी लेक स्वतःहून बाहेर आला आणि पुढचं गाणं कितव्या नंबरचं ते त्यालाच सांगायला लागला.

माहितीचं टेबलही कामाचं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे हेच कितीतरी पालकांना माहीत नसतं, तिथे यूडीआयडी कार्डाला, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राला, कुठली कागदपत्रं लागतात ते मराठीत छापून ठेवलेलं, नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचाही काही खर्च बसतो हे एक मुलगी प्रत्येकाला समजावून सांगत होती. माझ्यासमोर एक आजी सगळं वहीत लिहून घेत होत्या. शेजारी पोस्टर मात्र चुकलं, "दर ३१ मुलांमागे एक" एवढंच लिहिलेलं, तो आकडा अमेरिकेतल्या आठ वर्षांच्या मुलांचा आहे, २०२२ सालचा, आपल्याकडचा नाही, निदान खाली तसं लिहायला हवं होतं.

एक स्टार का कापला ते सांगते. इंटरव्हलनंतर शाल-श्रीफळ आणि सत्काराचा कार्यक्रम अर्धा तास चालला, पीडीएफमध्ये तो नव्हताच, त्यामुळे क्रम पाठ केलेली सगळी मुलं अस्वस्थ, आमचा तर "नऊ नंबर कुठे, नऊ नंबर कुठे" करत होता. त्यात प्रमुख पाहुणे म्हणाले की हल्ली आया मुलांच्या हातात मोबाईल देतात त्यामुळे हे ऑटिझम वाढलंय. माझ्या पोटात गोळाच आला, हे ऐकायला आम्ही तिकीट काढून आलो होतो का? पण निवेदन करणाऱ्या मुलीने त्यांचं झाल्यावर माइक घेतला आणि शांतपणे म्हणाली, सर, मोबाईलमुळे ऑटिझम होत नाही, मेंदूची जडणघडणच वेगळी असते, ती जन्माआधीपासून, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि लसीमुळेही होत नाही, १९९८ साली ज्या लेखाने तसं म्हटलं होतं तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. स्टेजवर, पाहुण्यांच्या समोर! माझ्या शेजारच्या बाई रडत होत्या. त्या मुलीच्या आईवडिलांना मला भेटायचंय.

शेवटच्या गाण्याला कुणाच्या तरी उत्साहात स्टेजचे लाइट जोरजोरात लुकलुकायला लागले आणि आवाजही वाढला, तीन-चार मुलं कान दाबून बाहेर पळाली, हे टाळता आलं असतं. आणि फोटो! फॉर्ममध्ये फोटोची परवानगी विचारली होती, आम्ही नाही म्हटलं होतं, तरी मुलाचा फोटो इन्स्टाग्रामवर दिसला. मेसेज केल्यावर दहा मिनिटांत काढला, सॉरी म्हणाले, पण ज्यांनी परवानगीला "नाही" लिहिलंय त्यांच्या मुलांना काही तरी रिबन द्या म्हणजे फोटो काढणाऱ्याला कळेल.

पैशांचं स्वच्छ वाटलं. पावती लगेच मिळाली, हॉलचं भाडं, साउंड, छपाई सगळा खर्च दाराशी बोर्डावर लावला होता, वडापाव आणि कोकम सरबताचा स्टॉल पालकांनीच चालवला, त्याचेही पैसे त्यातच. माझं एवढंच म्हणणं आहे की किती मुलांना किती महिने स्पीच किंवा ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून देतात ती) मिळाली हे सहा महिन्यांनी सगळ्या तिकीटवाल्यांना कळवा, कारण थेरपी एकदा सुरू करून मध्येच बंद पडली तर त्या घराला फार जड जातं.

मी हे सगळं त्यांच्या फीडबॅक फॉर्मवर लिहिलं, तर दुसऱ्याच दिवशी फोन आला, पुढच्या वर्षी सत्कार करायचाच झाला तर मुलं घरी गेल्यावर करणार आहेत आणि लाइटवाल्याला आधीच सांगणार आहेत. ज्यांना जायचंय त्यांनी मार्चमध्ये लक्ष ठेवा, कडेच्या खुर्च्या आधी संपतात, आणि फॉर्ममध्ये कशाने घाबरतो तिथे संकोच न करता सगळं लिहा, कुकरची शिट्टी, फुगे, कुत्रा, काहीही, ही मुलं ते खरंच वाचतात.