सेमी-मेटॅलिक काढून सिरॅमिक ब्रेक पॅड टाकले : वर्षभराच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, बरेच जण तेवढ्यासाठीच वाचतात. शहरात रोज चालणाऱ्या गाडीला सिरॅमिक पॅड उत्तम, मी खूश आहे. पण भरलेली गाडी घेऊन वरचेवर घाट उतरणाऱ्यांनी माझं ऐकून ते घेऊ नयेत. हा फरक का पडतो, तेच मला सांगायचंय. आवाज, धूळ वगैरे त्याच्या मागून.

गाडी छोटी हॅचबॅक. पुढे डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड. मागे ड्रम, म्हणून पॅड फक्त पुढच्या दोन चाकांना. वापर बहुतेक गर्दीतला, पहिला गिअर, दुसरा गिअर, ब्रेक, पुन्हा पहिला. अधूनमधून माणसं आणि सामान भरून डोंगराचा रस्ता. आधीचे पॅड सेमी-मेटॅलिक होते आणि गाडी थांबवण्यात ते कुठेही कमी पडले नाहीत. वैताग होता तो सकाळच्या पहिल्या ब्रेकला निघणाऱ्या किंकाळीचा आणि रिमवर चढणाऱ्या काळ्या थराचा.

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. एकच कंपनी स्वस्त, मधले आणि महाग असे वेगवेगळे पॅड काढते, आणि गाडीगणिक मिश्रणही बदलते. त्यामुळे 'अमक्याचे पॅड एकदम बेस्ट' याला फारसा अर्थ राहत नाही. निवडताना स्वतःला विचारायचं ते एवढंच : माझे ब्रेक एरवी किती तापतात?

बाजारात ढोबळमानाने तीन जाती मिळतात. ऑरगॅनिक पॅडमध्ये तंतू, रबर, रेझिन असतं. ते मऊ, शांत आणि लवकर झिजणारे. सेमी-मेटॅलिकमध्ये वजनाने साधारण ३० ते ६५ टक्के धातू, म्हणजे पोलादाचे तंतू, लोखंडाची भुकटी वगैरे. उष्णता सोसण्यात हे दणकट, पण आवाज आणि धूळ जास्त, आणि डिस्कही जास्त खातात. सिरॅमिकमध्ये पोलादाऐवजी सिरॅमिकचे तंतू आणि इतर भरणा. महागड्या स्पोर्ट्स कारच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी याचा संबंध नाही, आपली डिस्क साध्या बिडाचीच राहते. नेमकं मिश्रण प्रत्येक कंपनीचं गुपित असतं, त्यामुळे दोन 'सिरॅमिक' पॅड एकमेकांपासून बरेच वेगळे निघू शकतात.

मग पारखायचं कशावरून? पॅडच्या कडेवर किंवा मागच्या पत्र्यावर छापलेल्या खुणांवरून. त्यात बहुधा दोन रोमन अक्षरं असतात, 'एफएफ', 'ईएफ', 'जीजी' अशी. पहिलं अक्षर कमी तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. माझ्या पॅडवर 'एफएफ' आहे. पण ही चाचणी पॅडच्या इंचभर चौकोनी तुकड्यावर मशिनमध्ये होते, गाडीत नाही. त्यामुळे 'एफएफ'चे दोन पॅड पायाला सारखे लागतीलच असं नाही. आणि अक्षर जितकं पुढचं तितका पॅड भारी, हेही खरं नाही. पुढच्या चाकांना गरजेपेक्षा जास्त पकड दिली तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा कंपनीने बसवलेला मेळ बिघडतो.

माझा जास्त भरवसा दुसऱ्या खुणेवर होता. वर्तुळातलं 'ई' आणि जवळच '९०आर' हा मजकूर. हा संयुक्त राष्ट्रांचा ९० क्रमांकाचा नियम. तो सांगतो की बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आतबाहेर असली पाहिजे. म्हणजे फार कमी चालत नाही, तसंच फार जास्तही नाही. शिवाय डबा सीलबंद हवा, उघडला असेल तर कळेल असा. नकली पॅडचा सुळसुळाट पाहता ही अट मला फार मोलाची वाटते. काही डब्यांवर तीन पानांचं चिन्ह आणि 'ए', 'बी' किंवा 'एन' असं अक्षर असतं, ते तांब्याच्या प्रमाणाचं. 'एन' म्हणजे ०.५ टक्क्यापेक्षा कमी तांबं. ब्रेकच्या धुळीतलं तांबं पावसाबरोबर ओढ्यात जाऊन माशांना बाधतं, म्हणून कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० मध्ये त्यावर कायदे केले. गाडी थांबण्याशी याचा काही संबंध नाही, पण डबा हातात आला की माणूस वाचतोच.

आता बसवतानाची गोष्ट, आणि इथे जरा थांबते. जुने पॅड निघाले तेव्हा उजव्या चाकाचे दोन्ही सारखे झिजलेले होते. डाव्या चाकाचा आतला पॅड जवळजवळ पत्र्याला टेकलेला, आणि त्याच चाकाच्या बाहेरच्या पॅडवर निम्मा माल शिल्लक. मेकॅनिकने पॅडला हातही न लावता कॅलिपरची, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या पकडीची, खालची पिन धरून ओढली. ती येईना. पान्याने पिळत पिळत बाहेर काढली तर तिच्यावरचं ग्रीस वाळून तपकिरी पापुद्रा झालेलं, एका बाजूला गंजाची रेघ, आणि रबरी टोपणाला बारीक चीर. त्या चिरेतून पाणी जात राहिलेलं.

आपल्या बहुतेक गाड्यांत कॅलिपरचा पिस्टन, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे येणारा दट्ट्या, एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन अडकली की बाहेरचा पॅड नुसता बघत बसतो आणि आतला दोघांचं काम करतो. अशा गाडीत जगातला सर्वोत्तम पॅड टाका, तो लवकरच संपणार, आणि मालक म्हणणार, पॅडच भिकार निघाला. पॅडबद्दल ऐकू येणाऱ्या निम्म्या तक्रारी खरं तर पिनांच्या असाव्यात, असं माझं मत झालंय. पिनांना जास्त तापमानाचं सिलिकॉन ग्रीस लागतं. हाताशी असलेलं साधं पेट्रोलियम ग्रीस फासलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. मी पिना साफ करून, नवी टोपणं आणि पॅडच्या नव्या क्लिपा टाकून घेतल्या.

डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजली. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते. त्याच्या खाली गेली असेल तर डिस्क बदलायची, तिथे घासाघीस नाही. माझी भरपूर वर होती. पण पॅडची जात बदलत असल्याने जुन्या पॅडचा डिस्कवर बसलेला थर काढायला हलकं फेसिंग, म्हणजे डिस्कचा वरचा पृष्ठभाग किंचित तासून सपाट करणं, करून घेतलं. पॅडची धूळ हवेच्या झोताने उडवू द्यायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. आणि काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबून घ्यायचं, कारण पिस्टन मागे ढकललेला असतो आणि पहिल्या एक-दोन दाबांना ब्रेक लागतच नाही. हे विसरून गाडी भिंतीत घालणारे असतात.

नवे पॅड सेट करावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० वरून १०-१५ पर्यंत, आठ-दहा वेळा, मध्यम दाबाने. पूर्ण थांबायचं नाही, आणि तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरायचा नाही. यात पॅडच्या मालाचा अगदी पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढतो आणि पुढची पकड बरीचशी त्या थरावर अवलंबून असते. थर कमीजास्त चढला की काही महिन्यांनी ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. खरं तर बहुतेक वेळा तिच्या जाडीत ठिकठिकाणी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावा असा फरक पडलेला असतो, आणि तेवढाही हाताला जाणवतो.

पहिल्या आठवड्यात मात्र मी जरा खट्टू झाले होते. सेमी-मेटॅलिक पॅडला पाय लागताच गाडी नाक खाली घालायची. हे पॅड मवाळ वाटले, थोडं जास्त दाबावं लागत होतं. नंतर त्यातली गंमत कळली. दाब जितका वाढवाल तितकाच ब्रेक वाढतो, मध्येच झटका नाही. गर्दीत इंच-इंच सरकताना शेजारच्याची मान हलत नाही. पहिल्या आठवड्यावरून पॅडची पारख करू नका, एवढं नक्की.

सकाळची किंकाळी गेली ती गेलीच. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे पहिले दोन-तीन ब्रेक खरखरतात, पण तो डिस्कवर रातोरात चढलेला गंज निघण्याचा आवाज, त्यात पॅडचा दोष नाही. धुळीतला फरक तर डोळ्यांना दिसणारा आहे. पूर्वी ओलं फडकं रिमवरून फिरवलं की ते काळंकुट्ट व्हायचं आणि रिमवर नारिंगी ठिपके राहायचे. हे ठिपके म्हणजे लोखंडाचे कण, रंगाच्या वरच्या थरात रुतून तिथेच गंजलेले. आता धूळ राखाडी पडते, कमी पडते आणि नुसत्या पाण्याने निघते. आतल्या फटीत बोट घालून घासत बसावं लागत नाही.

आता घाट. थोडा हिशेब मांडते, मला त्यातूनच खरं उत्तर मिळालं. १२०० किलोची गाडी ताशी ८० वरून थांबवताना ब्रेकला साधारण ३ लाख जूल ऊर्जा रिचवावी लागते. ताशी ४० वरून त्याच्या फक्त चौथा भाग, म्हणून शहरात ब्रेक फारसे तापतच नाहीत. पण तीच गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आणायची तर जवळपास ५९ लाख जूल. म्हणजे ताशी ८० वरून वीसएक वेळा थांबण्याइतकं काम, तेही मध्ये नीट गार व्हायला वेळ न देता. यातलं काही हवा आणि इंजिन खातं, उरलेलं ब्रेकच्या माथी, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या चाकांवर.

धातूचा पॅड ही उष्णता डिस्ककडून ओढून मागे कॅलिपरकडे नेतो. सिरॅमिक तितकी नेत नाही, त्यामुळे ती डिस्कमध्येच साठते. भरलेल्या गाडीने लांबचा उतार उतरताना मला हे स्पष्ट जाणवलं. शेवटच्या वळणांवर पेडल टणकच होतं, पण तेवढ्याच दाबात गाडी कमी रोखली जात होती, आणि खाली थांबल्यावर करपल्याचा वास. ब्रेक गेले नाहीत, पण जुन्या पॅडवर याच उतारावर असं झालं नव्हतं. त्यानंतर मी खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर उतरते, आणि ब्रेक सतत टेकवून न ठेवता ठसठशीत दाबून सोडते. मग तक्रार उरत नाही. तरी दर आठवड्याला असा उतार असता तर मी सेमी-मेटॅलिककडे परत गेले असते. १८८८ मध्ये बर्था बेंझ मोटारीने लांबच्या प्रवासाला निघाल्या तेव्हा उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजले आणि वाटेत चर्मकाराकडून त्यांना चामडं लावून घ्यावं लागलं, असं सांगतात. म्हणजे बदली अस्तराची पहिली गरजसुद्धा उतारानेच आणली.

एक खूण लक्षात ठेवा. पेडल टणक पण गाडी रोखत नाही, तर पॅड तापलेत. पेडलच मऊ होऊन खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळतंय, आणि हे जास्त धोक्याचं. 'डॉट ४' ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस हवा, पाणी शोषल्यावरची मर्यादा मात्र १५५ अंशांवर येते. हे ऑइल हवेतला ओलावा ओढत राहतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं, पॅड कुठलेही असोत.

रेसिंगचे पॅड रोजच्या गाडीला टाकू नयेत. ते तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत, आणि सिग्नलवर ब्रेक गारच असतात. इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाड्यांत बराचसा वेग मोटरच खाते, तिथे पॅड झिजण्यापेक्षा डिस्क गंजण्याची चिंता जास्त. मागेही डिस्क आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर मागचे पॅड बदलण्याआधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये घ्यावी लागते, जोर लावून पिस्टन ढकलला तर हँडब्रेकची मोटर जाते. आणि पॅड नेहमी एका एक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. खरेदीला जाताना जुना पॅड हातात असू द्या. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटना वेगळे कॅलिपर असतात आणि मग पॅडचे कान बसत नाहीत.

झिजेचं म्हणाल तर मागच्या सर्व्हिसिंगला काढून बघितलं तेव्हा निम्म्याहून बराच जास्त माल शिल्लक होता, डिस्कवर खोल चर नव्हते, आणि डाव्या चाकाचे दोन्ही पॅड सारखे होते. ३ मिलिमीटरवर आले की बदलेन. तुमचे तपासाल तेव्हा चाक उतरवून आतला पॅड बघायला सांगा. रिमच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा.