ट्रेन्झ १९ वरून २२ वर गेलो आणि लॅपटॉपची जागाच संपली

आधीच सांगतो, ट्रेन्झ हा कॉम्प्युटरवर रेल्वे बांधायचा आणि चालवायचा गेम, पण हा त्याच्या गेमप्लेचा रिव्ह्यू नाही. ग्राफिक्स कसे, हॉर्न खरा वाटतो का, यावर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय. मी लिहितोय जागेबद्दल. डिस्कवरच्या जागेबद्दल, घरातल्या नाही, ती पण कमीच आहे पण तो विषय वेगळा.

तर सीन असा. भांडुपला घर, घरात लॅपटॉप एकच, ५१२ जीबीचा एसएसडी, जो विंडोज ४७६ दाखवतं. त्यात बायकोचं ऑफिसचं काम, मुलीचे जन्मापासूनचे फोटो आणि व्हिडिओ (९० जीबी, आणि त्याला हात लावायचा नाही हे मला लेखी सोडून सगळ्या प्रकारे सांगून झालंय), आणि उरलेल्यात माझी रेल्वे. ट्रेन्झ मी खूप जुना खेळतो, ऑरन ही कंपनी तो बनवायची तेव्हापासून, पहिला ट्रेन्झ २००१ चा, नंतर तो एनथ्रीव्ही या कंपनीकडे गेला. गेली काही वर्षं २०१९ वाल्यावर कर्जत ते लोणावळा घाटाचा रूट, म्हणजे गेममधला रेल्वेमार्ग, बांधतोय. पळसदरी, जांब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, खंडाळा, सगळं. १ इन ३७ चा चढ, मागून ढकलायला बँकर इंजिनं लावलेली, १९२९ ला बंद झालेलं रिव्हर्सिंग स्टेशन (जिथे गाडी दिशा उलटी करून पुढे चढायची) पण टाकायचं होतं. नोकरी सांभाळून होईल तेवढं.

मग २०२२ वालं घेतलं. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. नव्या व्हर्जनमध्ये एकदा सेव्ह केलेला रूट जुन्यात उघडत नाही. म्हणजे जुना डेटा फोल्डर सरळ नव्याच्या हातात दिला आणि नवं पटलं नाही तर परतीची गाडी नाही. म्हणून मी शहाण्यासारखा (तेव्हा तसं वाटलं) जुना फोल्डर आहे तसा ठेवला, नव्याला वेगळा फोल्डर दिला आणि जुन्यातलं सगळं नव्यात इम्पोर्ट करायला लावलं आणि झोपायला गेलो. जुना फोल्डर १३४ जीबी. लॅपटॉपवर मोकळी जागा साधारण १२०. हे गणित मी रात्री १ वाजता केलं नाही, सकाळी सी ड्राइव्हची पट्टी लाल दिसली तेव्हा केलं. ८०० एमबी उरलेले. बायकोचा मेल उघडेना. सोमवार सकाळ.

तर आता खरा रिव्ह्यू, म्हणजे ट्रेन्झच्या कंटेंट मॅनेजरचा, गेममधला सगळा माल उतरवायच्या, शोधायच्या आणि काढायच्या टूलचा. हे गेमसोबतच येतं, फुकट, आणि खेळणारे अर्धे लोक ते फक्त डाउनलोडसाठी उघडतात. मी पण त्यातलाच. त्या आठवड्यात ते नीट वापरलं आणि माझं मत असं आहे की टूल जबरदस्त आहे पण ते तुम्हाला स्वतःहून काही सांगत नाही. सगळं विचारावं लागतं, आणि काय विचारायचं ते आधी माहीत असावं लागतं. सरकारी खिडकीसारखं. माहिती त्याच्याकडे असते, फॉर्म नंबर तुम्ही सांगायचा.

पहिलं काम मी केलं ते विझट्री लावून बघणं. हे वेगळं छोटं सॉफ्टवेअर आहे, घरगुती वापराला फुकट, कुठला फोल्डर किती खातोय ते रंगीत चौकोनांत दाखवतं, आणि ड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल मांडणी) असेल तर काही सेकंदांत, कारण ते एकेक फाइल शोधत बसत नाही, फाइल सिस्टीमची यादीच वाचतं. त्यात दिसलं की यूजरडेटा, म्हणजे त्या जुन्या डेटा फोल्डरच्या पोटात मुख्य चार-पाच खोल्या आहेत. पॅकेजेस म्हणजे विकत घेतलेले डीएलसी, गेमचे जादा भाग. ओरिजिनल म्हणजे डाउनलोड स्टेशनवरून, ट्रेन्झच्या ऑनलाइन भांडारातून, उतरवलेलं. लोकल म्हणजे आपण स्वतः बनवलेलं किंवा बदललेलं. बॅकअप्स म्हणजे डिलीट केलेल्या किंवा बदललेल्या मालाची जुनी कॉपी, जी सेटिंगमध्ये ठरवलेले दिवस राहते. आणि कॅशे, गेमचा तात्पुरता साठा.

माझ्याकडे लोकल किती असेल? ११ जीबी. अरे मी पाच वर्षं घाट खोदतोय आणि माझं स्वतःचं काम ११ जीबी, बाकी १२३ जीबी सगळा परका माल, जो मी कधीतरी "बघू या" म्हणून उतरवला.

आणि इथेच ती गोष्ट कळली जी मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. ट्रेन्झमध्ये रूट डिलीट केला की फक्त रूट जातो. त्याच्यासोबत आलेली झाडं, पूल, सिग्नल, स्टेशनं, रुळांचे पन्नास प्रकार, हे सगळं जागच्या जागी राहतं. गाडी रद्द झाली, डबे यार्डात उभेच. कारण बरोबर आहे, तेच झाड दुसऱ्या कुठल्या रूटला पण लागत असेल, गेम कसं ठरवणार. पण मी वर्षानुवर्षं रूट टाकायचो, एकदा चालवायचो, काढायचो आणि समजायचो जागा मोकळी झाली. कुठली मोकळी. कोणत्यातरी ऑस्ट्रेलियन ब्रँच लाइनची निलगिरीची झाडं माझ्याकडे अजून होती, लाइन काढून तीन वर्षं झाली.

मग करायचं काय, तर कंटेंट मॅनेजरमध्ये ठेवायचे रूट आणि सेशन्स (रूटवर खेळायचे प्रसंग) निवडायची, राइट क्लिक, डिपेंडन्सीजची म्हणजे त्यांना काय काय लागतं त्याची यादी मागायची, आणि ती रिकर्सिव्ह म्हणजे तळापर्यंत मागायची, नाहीतर रूटला लागणारं स्टेशन दिसतं पण स्टेशनला लागणारा बाक दिसत नाही. सेशन्स विसरू नका. गाड्या बहुतेक वेळा सेशनमध्ये उभ्या असतात, रूटमध्ये नाही, त्यामुळे फक्त रूटची यादी बघून इंजिनं उडवली तर सेशन उघडल्यावर रूळ मोकळे. उलट बाजूनेही विचारता येतं: साइझच्या कॉलमवर क्लिक करून सगळ्यात जड ॲसेट (झाड, पूल, इंजिन, अशी प्रत्येक सुटी वस्तू) वर आणायचे आणि एकेकाचे डिपेंडंट्स बघायचे, म्हणजे हे कुणाला लागतं. यादी रिकामी आली की बिनधास्त काढा. मला हे दुसरं जास्त आवडलं, कारण वरच्या शंभर-दीडशे ॲसेटमध्येच खूप माल निघतो, बाकीच्या हजारो बारीकसारीक गोष्टींच्या मागे लागायची गरज नाही. जुनी व्हर्जन्स पण बघा, नवीन उतरवल्यावर जुनं ऑब्सोलीट म्हणून तसंच पडून असतं, कुइडच्या, म्हणजे ॲसेटच्या ओळख क्रमांकाच्या, शेवटच्या आकड्यावरून कळतं कुठलं नवं.

दोन रात्रीत ५० जीबीच्या वर साफ. आणि मग माझा आत्मविश्वास वाढला, जे कधीही वाईट.

एका फिल्टरमध्ये एकाच नावापुढे भरपूर ॲसेट दिसत होते, वाटलं जुना कचरा, सगळे सिलेक्ट केले, डिलीट. ते माझंच नाव होतं. जुन्या खात्याचं. माझे ओव्हरहेड वायरचे खांब, जे मी खंडाळ्याच्या गाडीतून काढलेल्या फोटोंवरून बनवले होते, जांब्रुंगची केबिन, बोगद्याची तोंडं, सगळं. दुसऱ्या दिवशी रूट उघडला तर घाटात रूळ आहेत आणि वर काही नाही, १९२५ च्या आधीची मुंबई, विजेची गाडीच आलेली नाही. पोटात गोळा आला.

वाचवलं कुणी? बॅकअप्सने. ज्या फोल्डरला मी त्याच आठवड्यात "फुकटचा १४ जीबी" म्हणून शिव्या घालत होतो आणि शनिवारी उडवायचं ठरवलं होतं. त्यातून सगळं परत इम्पोर्ट केलं, एक बोगदा सोडून, तो का गेला देव जाणे, परत बनवला. तेव्हा बॅकअप्स उडवायचा असेल तर सफाईनंतर निदान आठवडाभर सगळे रूट उघडून बघा, मग उडवा. आणि सगळ्यात आधी, म्हणजे काहीही डिलीट करायच्याही आधी, स्वतःचे ॲसेट सीडीपी फाइल (ट्रेन्झचं ॲसेटचं गाठोडं) करून बाहेर कुठेतरी ठेवा. बाकी सगळं परत उतरवता येतं. अर्थात उतरवणं पण अगदी फुकट नाही, फर्स्ट क्लास तिकीट (डाउनलोडसाठी पैसे भरून घ्यायचा पास) नसेल तर डाउनलोड स्टेशनचा स्पीड बांधलेला असतो, त्यामुळे मोठा रूट काढताना "परत घेऊ" म्हणणं सोपं आणि घेताना पॅसेंजर गाडीचा अनुभव येतो. नियमित वापरत असाल तर तिकीट वसूल होतं असं माझं मत.

आता हार्डवेअरचं थोडं. एवढं करूनही मला दोन्ही व्हर्जन काही महिने शेजारी शेजारी हवी होती म्हणून लॅमिंग्टन रोडवरून १ टीबीचा बाहेरून लावायचा एसएसडी घेतला. विंडोजमध्ये तो ९३१ दिसतो, फसवणूक नाही, कंपनी हजारच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या. दुकानाचं नाव घेत नाही. माल ओरिजिनल निघाला, बिल दिलं, भाव पण वाजवी, पण खोक्यातली केबल आखूड होती म्हणून लांब मागितली तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "दादा, ही घ्या, केबल सगळ्या सेमच असतात." सेम नसतात. ती मोबाइल चार्जिंगची, आत यूएसबी २ च्या तारा, कॉपीचा स्पीड ३८ एमबीच्या वर जाईना. मी अर्धी रात्र एसएसडीला दोष देत बसलो. खोक्यातली आखूड केबल लावली तर दहापट पळायला लागला, निदान मोठ्या फाइल्सना. बारीक फाइल्स आल्या की कुठलाही ड्राइव्ह रांगतो, ते धरूनच चाला.

आणि एक गंमत, जी ट्रेन्झवाल्यांना खास लागू आहे. नवीन ड्राइव्ह एनटीएफएस नाही, एक्सफॅट या दुसऱ्या मांडणीत फॉरमॅट होऊन आला होता. फोल्डर कॉपी झाल्यावर प्रॉपर्टीज बघितल्या तर साइझ ९६ जीबी आणि खालच्या ओळीत साइझ ऑन डिस्क ११२. वरचे १६ जीबी आले कुठून? तर एवढ्या मोठ्या ड्राइव्हवर एक्सफॅटचा कप्पा बहुतेक १२८ केबीचा असतो, आणि ट्रेन्झमध्ये प्रत्येक ॲसेटसोबत एक-दोन केबीची कॉन्फिग फाइल असते, ती पण अख्खा कप्पा अडवून बसते. सेकंड क्लासच्या सीटवर नुसती पिशवी ठेवल्यासारखं. माझ्याकडे अशा लाखावर फाइल्स. ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केला, तिथे कप्पा ४ केबीचा, फरक एक जीबीच्या आत आला. फॉरमॅटने सगळं पुसलं जातं, तेव्हा हे कॉपी करायच्या आधी करा, माझ्यासारखं नंतर नको.

त्यानंतर गेमच्या लाँचर सेटिंगमधून डेटा फोल्डरची जागा बदलून नव्या ड्राइव्हवर नेली, हे अगदी सरळ झालं, काही कुरकुर नाही. डेटाबेस रिपेअरला, म्हणजे गेम सगळ्या मालाची यादी पुन्हा तपासतो त्याला, मात्र वेळ जातो, जेवून या. बाहेरच्या ड्राइव्हवरून रूट लोड व्हायला आधीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, चालवताना मला फरक जाणवला नाही. फक्त गेम चालू असताना केबलला धक्का लागू देऊ नका, घरात लहान मूल असेल तर हे वाक्य दोनदा वाचा.

कंटेंट मॅनेजरला ५ पैकी ४. एक कापला कारण "हे कुणालाच लागत नाही" असं एका बटणावर दाखवायला काय हरकत होती, सगळी माहिती त्याच्याकडेच असते. एसएसडीला साडेचार. केबलवाल्या पोराला काही नाही.

सध्या नवा डेटा फोल्डर ६१ जीबी आहे, जुना १९ वाला अजून ठेवलाय, काढायला हात होत नाही. लॅपटॉपवर तब्बल १२८ जीबी मोकळे झाले. परवा बायकोने सी ड्राइव्हची निळी पट्टी बघितली, म्हणाली, "अरे वा, मग गॅदरिंगचे व्हिडिओ टाकते यात." टाकले. ४२ जीबी. रिव्हर्सिंग स्टेशन अजून बांधायचंय.